निळा 'ई' आणि एक बंद केलेलं तिकीट

परवा ऑफिसात एक तिकीट आलं. एका ग्राहकाला आमच्या साइटवरचा फॉर्म भरता येईना. बटण दाबलं की काहीच होत नाही म्हणे. ब्राउझर - फायरफॉक्स. मी दोन मिनिटांत 'कृपया क्रोम वापरा' असं उत्तर टाकलं आणि तिकीट बंद केलं. शुक्रवारची संध्याकाळ होती हो... पण घरी येताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण आमच्या आधीच्या पिढीतल्या इंजिनियर मंडळींनी हेच वाक्य दुसऱ्या एका ब्राउझरचं नाव घालून लिहिलं होतं.

तर आज थोडा इतिहास.

१९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांनी मोझेक बनवला. मजकुराच्या मधेच चित्रं दिसू लागली आणि वेब साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. पुढच्याच वर्षी अँड्रिसन नेटस्केपच्या संस्थापकांपैकी एक झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये नेटस्केपचे शेअर बाजारात आले आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोररही आला. गंमत म्हणजे तोही मोझेकच्याच घराण्यातला! स्पायग्लास नावाच्या कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने मोझेकचा परवाना घेतला होता. करारात रॉयल्टी होती, पण मायक्रोसॉफ्टने ब्राउझर फुकटच वाटला. आता फुकटाची रॉयल्टी किती होणार? १९९७ मध्ये ८० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं गेलं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. विंडोजबरोबर ब्राउझर आयताच मिळायला लागला, मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, पण तोवर नेटस्केपचा दम सुटत आला होता. जाता जाता त्यांनी आपला सोर्स कोड खुला केला. त्यातूनच मोझिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला.

मला खरी नवल वाटणारी गोष्ट मात्र मधल्या काळातली आहे. एक्सप्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये आणि ७ आला ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! दहातले नऊ लोक तुमचाच ब्राउझर वापरतात म्हटल्यावर घाई कशाला? आणि साइट बनवणाऱ्यांनीही फक्त त्याच्यापुरतंच लिहायची सवय लावून घेतली.

याचा फटका मराठी वाचकाला कसा बसला ते मी घरातच पाहिलंय. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. बाबांच्या लेखी डेस्कटॉपवरचा तो निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट. एकदा मामेभावाने मोठ्या उत्साहाने फायरफॉक्स टाकून दिला. बाबांनी त्यात रोजचा मराठी पेपर उघडला, तर बातम्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. "तुझा कोल्हा बिघडलाय रे," म्हणून ते परत निळ्या 'ई'वर!

कोल्हा बिघडला नव्हता. तेव्हाच्या कित्येक मराठी साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. इंग्रजी अक्षरांचे कोड वापरायचे आणि त्यावर आपल्या फॉन्टने देवनागरी आकार चढवायचे, असा तो जुगाड. तो फॉन्ट पानाबरोबर यायचा, पण ज्या स्वरूपात यायचा ते एक्सप्लोररलाच कळायचं. म्हणजे ब्राउझरची निवड बाबांनी केलीच नव्हती, ती पेपरवाल्यांच्या डेव्हलपरने आधीच करून टाकली होती. (त्या बिचाऱ्याला तरी दोष कसा द्यायचा? तेव्हाच्या मशिनांवर युनिकोड देवनागरी दिसेलच याची खात्री नव्हती.) पुढे युनिकोड रुळलं आणि ती कटकट संपली.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला. जलद, सुटसुटीत, एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत. लोकांनी तो आपणहून उचलला हे मान्य करायलाच हवं. मात्र २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमियमवरच चालतो. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला, तेव्हा आमच्या टीमने केक कापला होता. आज वेगळं इंजिन म्हणजे मुख्यतः फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. बाकी ब्राउझरांची नावं वेगळी, पण आत बहुतेक ठिकाणी क्रोमियमच.

मी स्वतः ऑफिसात क्रोम वापरतो, कारण डेव्हलपर टूल्सची सवय झालीये. घरी मात्र फायरफॉक्स. म्हणजे मी ज्याला 'क्रोम वापरा' म्हणून वाटेला लावलं, तो रविवारी मीच असतो :)

काल रात्री घरून तो फॉर्म उघडून बघितला. घोळ आमचाच. आम्ही तारीख वेड्यावाकड्या स्वरूपात लिहिली होती. क्रोम ती समजून घेतो, फायरफॉक्सने नाकारली. एका ओळीचं काम आहे. सोमवारी तिकीट परत उघडतोय, फक्त त्या माणसाला काय लिहायचं ते अजून सुचत नाहीये.