मालप्याच्या अंजनीबाई

मोरजीच्या किनाऱ्यावर वाजणाऱ्या संगीताचा उगम कोठला, हे येथील शाळकरी मुलांना मी सांगू लागलो, तेव्हा त्यातील बरेचसे त्यांना आधीच ठाऊक होते. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूणला पाश्चात्त्य तरुण येऊन राहिले. घरदार आणि पदव्या मागे टाकून एका नादाभोवती त्यांनी आपली निराळी जमात उभी केली. कॅलिफोर्नियाहून आलेले गिल्बर्ट लेव्ही तर ‘गोवा गिल’ याच नावाने जगले आणि २०२३ साली गोव्यातच वारले. नव्वदच्या दशकात त्या नादाला ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर मिळाले. नाव आपल्या भूमीचे. त्यात गोमंतकीय गळा मात्र जवळजवळ नाही.

त्यांनी आपली ओळख स्वतः निवडली. पण गाण्यामुळे जन्मतःच एखादी ओळख चिकटते, ती कशी? मला खरे बोलायचे होते ते यावर. व्याख्यानापूर्वी एका शिक्षकांनी हळूच सुचविले होते, “वकीलसाहेब, देवदासींचा विषय नको. वर्गात त्या घरांतली मुले आहेत.” त्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरीही ज्यांची पणजी गायिली, त्यांच्यापासूनच त्या गाण्याचा इतिहास दडवावा, हे मला पटेना.

आपल्या देवळांचा कारभार आजही १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने चालतो. तीत महाजनांची नोंदवही आहे. उत्सवात देवापुढे गाणारी कलावंतीण त्या वहीत नाही; ती सेवेकरी. बापाचे नाव तिला नसे, आईचे असे, आणि आडनावाच्या जागी गावाचे. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर ही नावे अशीच घडली. (केसरबाईंची केरी फोंडा महालातली, आपल्या पेडण्यातली नव्हे, हा घोटाळा नेहमी होतो.)

आपल्या पेडण्यातले नाव कोणते, असे मी विचारले. एकही हात वर झाला नाही. मालपे येथे १८८३ साली अंजनीबाई जन्मल्या. आजी गाणारी, आई गाणारी. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे त्यांची तालीम झाली. गंमत अशी, की त्या घराण्याचे नावही एका वस्तीवरूनच पडलेले! रूपाची कीर्ती गाण्याइतकीच होती, आणि तिचा जाच त्यांना कमी झाला नसावा. मैफली सोडल्यावर त्यांनी विद्या दिली. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९७४ साली त्या निवर्तल्या.

याच काळात त्यांच्या समाजानेही आपले नाव बदलले. कलावंत, भाविण, देवळी ही नावे टाकून ‘गोमंतक मराठा समाज’ हे एक नाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घेतले गेले. मुलींनी लग्न करावे, शिकावे, देवळाची सेवा सोडावी, असा सुधारकांचा आग्रह होता. राजाराम पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे शीर्षकच ‘मी कोण?’ असे आहे. मुंबई इलाख्यात देवदासींच्या रक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. पोर्तुगीज हद्दीत तो लागू नव्हता. ती सुधारणा न्याय्य होती, असे मी निःसंकोच म्हणतो. परंतु कलंकाबरोबर कित्येक घरांतून तंबोराही उठला, आणि पुढे तेच गाणे इतरांच्या लेकी शिकू लागल्या तेव्हा ते प्रतिष्ठेचे ठरले. हा हिशेब आम्ही देवळाशी संबंधित मंडळींनी अजून मांडलेला नाही.

व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने कोंकणीतून विचारले, त्या वहीत आता अंजनीबाईंचे नाव घालता येईल का? मी कायद्याचे उत्तर दिले: तेथे नोंद वंशाने होते, गाण्याने नव्हे. ती गप्प बसली. ज्या शिक्षकांनी मला सावध केले होते, ते उठले आणि फळ्यावर ‘अंजनीबाई मालपेकर, १८८३’ एवढे लिहून त्यांनी मुलांना वह्या उघडावयास सांगितले.