नवीन स्पोर्ट्स कारच्या किमतीची वाटाघाट (अमेरिका)

नवीन स्पोर्ट्स कारच्या किमतीची वाटाघाट म्हणजे गाडीच्या अंतिम विक्री किमतीबाबत डीलर आणि ग्राहक यांच्यात होणारी बोलणी होय. अमेरिकेत ही प्रथा नवीन मोटारींच्या बहुतेक खरेदीत रूढ आहे. गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावरील किंमत तेथे बंधनकारक नसते; तिच्यापेक्षा कमी किंवा अधिक किमतीला विक्री करण्यास डीलर मोकळा असतो. सर्वसाधारण मोटार घेताना ग्राहक ही किंमत खाली आणण्याचा प्रयत्न करतो. मर्यादित संख्येने तयार होणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत पुष्कळदा उलट घडते आणि डीलरच छापील किमतीवर जादा रक्कम मागतो. गाडीची उपलब्धता आणि डीलरच्या प्रत्यक्ष खर्चाविषयी ग्राहकाला असलेली माहिती, या दोन गोष्टींवर वाटाघाटीचा निकाल प्रामुख्याने अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत बहुतेक मोटार कंपन्या ग्राहकाला थेट गाडी विकत नाहीत. कंपनी गाडी डीलरला विकते आणि डीलर ती ग्राहकाला विकतो. डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो व राज्याराज्यांतील कायद्यांनी त्याला संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे उत्पादक किरकोळ विक्रीची किंमत केवळ सुचवू शकतो.

१९५० च्या दशकात अनेक डीलर गाडीची किंमत मनाप्रमाणे फुगवून सांगत आणि मग ग्राहकाच्या जुन्या गाडीला मोठी किंमत दिल्याचा देखावा करीत. ग्राहकाला मूळ किंमत कळण्याचा मार्ग नव्हता. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये मोटार माहिती प्रकटीकरण कायदा संमत झाला. या कायद्यानुसार प्रत्येक नवीन मोटारीवर उत्पादकाने सुचवलेली किंमत, मूळ सुविधा, जादा सुविधांची किंमत आणि वाहतूक खर्च दर्शविणारा कागद लावणे सक्तीचे झाले. या कागदाला ‘मनरोनी स्टिकर’ असे म्हणतात. पुढे त्यात इंधनवापर आणि अपघात-चाचणीतील गुण यांची भर पडली. गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी हा कागद काढणे गुन्हा आहे. मात्र हा कायदा माहिती देण्यापुरताच आहे. तो किमतीवर कोणतीही मर्यादा घालत नाही.

किमतीचे घटक

स्टिकर किंमत: उत्पादकाने सुचवलेली किरकोळ विक्रीची किंमत. वाटाघाट बहुधा येथून सुरू होते.

बीजक किंमत: उत्पादकाने डीलरला दिलेल्या बिलावरील रक्कम. ही स्टिकर किमतीपेक्षा कमी असते, परंतु ती डीलरचा अंतिम खर्च दर्शवीत नाही.

होल्डबॅक: गाडी विकली गेल्यानंतर उत्पादक डीलरला परत करतो ती रक्कम. अनेक कंपन्यांत ती किमतीच्या दोन ते तीन टक्के असते. यामुळे बीजक किमतीला विकलेल्या गाडीवरही डीलरला काही नफा मिळू शकतो.

डीलर प्रोत्साहन: विक्रीचे उद्दिष्ट गाठल्यास किंवा विशिष्ट मॉडेल खपविल्यास उत्पादकाकडून डीलरला मिळणारी रक्कम.

बाजार समायोजन: मागणी अधिक असलेल्या गाडीवर डीलरने स्वतः लावलेली जादा रक्कम. ती बहुधा मनरोनी स्टिकरशेजारी वेगळ्या कागदावर लिहिलेली असते.

कागदपत्र शुल्क: नोंदणी व करारपत्रांच्या कामासाठी डीलर आकारतो ते शुल्क. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत त्यावर कायदेशीर कमाल मर्यादा आहे, तर फ्लोरिडात तशी मर्यादा नाही.

कर, नोंदणी आणि सर्व शुल्के धरून होणाऱ्या एकूण रकमेला व्यवहारात ‘आउट-द-डोअर’ किंमत म्हणतात. वेगवेगळ्या डीलरांच्या प्रस्तावांची तुलना याच रकमेवरून करता येते, कारण गाडीची किंमत कमी दाखवून शुल्के वाढविण्याचा प्रकार तीत लपत नाही.

वाटाघाटीची पद्धत

गाडीची किंमत, जुन्या गाडीचे मूल्य, सुरुवातीला भरायची रक्कम आणि मासिक हप्ता या चार बाबी एकाच वेळी चर्चेत आणण्याची पद्धत डीलरांमध्ये प्रचलित आहे. कागदाचे चार चौकोन करून त्यांत या रकमा मांडल्या जात असल्याने तिला ‘चौचौकोनी’ पद्धत म्हणता येईल. एका चौकोनात दिलेली सवलत दुसऱ्या चौकोनातून वसूल करणे तीत सोपे जाते. म्हणूनच ग्राहक-मार्गदर्शक पुस्तिकांत प्रथम गाडीची किंमत निश्चित करावी, त्यानंतरच जुन्या गाडीचा व कर्जाचा विषय काढावा, असे सुचविलेले असते.

मासिक हप्त्यावर लक्ष केंद्रित केल्यास होणारे नुकसान पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते. ४०,००० डॉलरचे कर्ज वार्षिक ६ टक्के दराने ६० महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ७७३ डॉलर येतो. किंमत ४,००० डॉलरने वाढवून तेच कर्ज ७२ महिन्यांचे केल्यास हप्ता सुमारे ७२९ डॉलर होतो. हप्ता ४४ डॉलरने कमी झालेला दिसतो. प्रत्यक्षात ग्राहक एकूण सुमारे ६,१०० डॉलर जास्त भरतो.

डीलर स्वतःमार्फत कर्ज मिळवून देतो तेव्हा बँकेच्या दरावर आपला हिस्सा चढवू शकतो. बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून आधीच कर्जमंजुरी घेतलेल्या ग्राहकाला या दराची तुलना करता येते.

वेळेचाही परिणाम होतो. शोरूममधील गाड्या डीलरने बहुधा कर्ज काढून आणलेल्या असतात, त्यामुळे न विकलेल्या गाडीचे व्याज चढत राहते. महिनाअखेर किंवा वर्षअखेर विक्रीचे उद्दिष्ट गाठण्याची निकड असते. उत्तरेकडील थंड राज्यांत उघड्या छताच्या गाड्यांची मागणी हिवाळ्यात घटते. अशा वेळी सवलत मिळण्याची शक्यता वाढते.

मर्यादित उत्पादनाच्या गाड्या

ज्या गाडीची मागणी पुरवठ्यापेक्षा अधिक असते, तिच्याबाबत वरील उपाय फारसे चालत नाहीत. १९८९ मध्ये सुमारे १३,८०० डॉलर किमतीला बाजारात आलेल्या माझदा मियाटा या छोट्या गाडीसाठी अनेक डीलरांनी स्टिकरपेक्षा काही हजार डॉलर अधिक घेतले. २०२० च्या मॉडेलपासून इंजिन मध्यभागी असलेली शेवरोले कॉर्व्हेट ५९,९९५ डॉलर या प्रारंभिक किमतीला जाहीर झाली, तेव्हाही हाच अनुभव आला. २०२१ व २०२२ मधील सेमीकंडक्टर टंचाईच्या काळात ही प्रथा साध्या मोटारींपर्यंत पोहोचली.

काही उत्पादकांनी यावर अप्रत्यक्ष उपाय योजले. डॉज कंपनीने २०१८ च्या चॅलेंजर डीमन या गाडीसाठी स्टिकर किमतीला किंवा त्याखाली झालेल्या विक्रीच्या गाड्या आधी बनविण्याचे धोरण जाहीर केले. फोर्ड कंपनीने फोर्ड जीटीच्या खरेदीदारांची अर्ज मागवून निवड केली आणि दोन वर्षे गाडी न विकण्याची अट करारात घातली. या अटीवरून कंपनीने अभिनेता व कुस्तीपटू जॉन सीना यांच्यावर २०१७ मध्ये दावा दाखल केला. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला.

अशा गाडीसाठी ग्राहकाजवळ उरणारे मार्ग म्हणजे दूरच्या राज्यांतील डीलरांकडे चौकशी करणे, स्टिकर किमतीला मागणी नोंदवून घेणाऱ्या डीलरच्या प्रतीक्षायादीत थांबणे किंवा पहिली लाट ओसरेपर्यंत खरेदी पुढे ढकलणे.

भेदभाव

वाटाघाटीवर आधारित किंमत सर्वांना सारखी मिळत नाही, हे संशोधनातून दिसून आले आहे. कायदेतज्ज्ञ इयन एअर्स यांनी शिकागो परिसरात प्रशिक्षित चाचणी-ग्राहक डीलरांकडे पाठविले. सर्वांनी ठरवून दिलेली एकच पद्धत वापरली, तरी गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी किंमत सांगण्यात आली. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटर सीगलमन यांच्यासह १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३०० हून अधिक चाचण्यांच्या अभ्यासातही स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना अधिक किंमत सांगितली गेल्याचे आढळले. इंटरनेटवरून किमती मागविणाऱ्या ग्राहकांचा फियोना स्कॉट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्या मार्गाने अल्पसंख्याक ग्राहकांना गोऱ्या ग्राहकांच्या जवळपास तेवढीच किंमत पडते, असे त्यांना दिसले.

ठरावीक किमतीची पद्धत

जनरल मोटर्सच्या सॅटर्न या विभागाने १९९० पासून घासाघीस न करता ठरावीक किमतीला विक्री केली. हा विभाग २०१० मध्ये बंद झाला. टेस्ला कंपनी डीलर न नेमता ठरावीक किमतीला थेट विक्री करते. काही राज्यांच्या कायद्यांनी अशा विक्रीस प्रतिबंध केला आहे.

कायदेशीर संरक्षण

खरेदीनंतर तीन दिवसांत गाडी परत करता येते, असा समज अमेरिकेत आढळतो. तीन दिवसांचा संघीय नियम घरोघरी किंवा तात्पुरत्या जागी होणाऱ्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या कायमच्या शोरूममधील खरेदीला तो लागू होत नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी करारातील प्रत्येक रक्कम तपासणे महत्त्वाचे ठरते. फसव्या किमती व छुप्या शुल्कांविरुद्ध संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले होते. कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे अपील न्यायालयाने ते जानेवारी २०२५ मध्ये रद्द ठरविले.

भारताशी तुलना

भारतात पाकीटबंद वस्तू छापील कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक दराने विकता येत नाही. अमेरिकन स्टिकर किंमत अशी कमाल मर्यादा नसते. भारतात मोटारीची ‘एक्स-शोरूम’ किंमत आणि कर, नोंदणी व विमा धरून होणारी ‘ऑन-रोड’ किंमत वेगळी सांगितली जाते. विमा डीलरकडूनच घेण्याचे बंधन ग्राहकावर नसते. डीलरांना ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक सवलत देण्यापासून रोखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. या आदेशाविरुद्ध कंपनीने अपील केले.