एका अंगणात रुजलेला खेळ: नागपाड्याचा बास्केटबॉल



पुसेगाव म्हटलं की लोक हमखास विचारतात, "साताऱ्याचं का?" नाही हो, आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. मी शिकलो त्या शाळेच्या मैदानात बास्केटबॉलचा एक खांब होता. चेंडूही होता, पण कपाटात, कुलपात. मी शाळा सोडेपर्यंत त्या रिंगमधून एकही चेंडू गेलेला मी पाहिला नाही.

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. पीएचडीचा विषय आहे छोटे, विलग प्राणीसमूह. आमच्याकडे 'संस्थापक परिणाम' नावाची एक कल्पना आहे. चार-दोन जीव नव्या जागी जाऊन वसले, की त्यांच्याकडे योगायोगाने असलेले गुण पुढे त्या सगळ्या समूहात दिसायला लागतात. ही कल्पना समजावताना मला हटकून आठवतो तो मुंबईतला नागपाडा. कारण क्रिकेटवेड्या मुंबईत हा एकच मोहल्ला बास्केटबॉलचा कसा झाला, हा प्रश्न तसाच आहे.

सुरुवात अमेरिकेतून करू. १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या आणि १३ नियम, एवढंच भांडवल. वायएमसीएच्या माणसांबरोबर तो जगभर गेला. भारतातही आला. १९२०मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली आणि तिथून तयार झालेले शिक्षक हा खेळ देशभर घेऊन गेले.

नागपाड्यात तो पोचला वेगळ्या वाटेने. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने तिथे 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केलं. ही वस्ती कामगारांची, दाटीवाटीची, अनेक धर्मांची. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्या केंद्राचे प्रमुख. समाजकार्य शिकवणारी टाटांची शाळा १९३६ला याच ठिकाणी सुरू झाली. तीच आजची 'टिस'. ती संस्था पुढे वाढली आणि १९५४ला देवनारला गेली. बास्केटबॉल मात्र नागपाड्यातच राहिला!

का राहिला? आधी जागेचा हिशोब बघा. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. क्रिकेटची सीमारेषा ६० मीटरवर धरली तरी मैदान ११,००० चौरस मीटरच्या वर जातं. साधारण २७ पट! गल्लीबोळांच्या वस्तीत पहिलं कसंबसं मिळतं, दुसरं नाही. त्यात एक चेंडू दहा जणांना पुरतो.

पण जागा हे अर्धंच उत्तर झालं. इथे माझी 'संस्थापक परिणामा'ची उपमाही थोडी लंगडी पडते, हे कबूल करतो. जनुकं आपोआप पुढच्या पिढीत जातात. खेळ जात नाही. तो प्रत्येक पिढीला कुणीतरी नव्याने शिकवावा लागतो. एक पिढी जरी चुकली तरी साखळी तुटते.

नागपाड्यात ती तुटली नाही, कारण तिथे बच्चू खान यांच्यासारखे प्रशिक्षक होते. मोठ्यांनी लहानांना शिकवायचं, लहानांनी मोठं होऊन परत मैदानावर यायचं, असा तिथला रिवाज पडला. याच मोहल्ल्यातून अब्बास मुंतसिर घडले. ते भारताचे कर्णधार झाले, १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. शिवाय चांगल्या खेळाडूला रेल्वेसारख्या ठिकाणी नोकरी मिळण्याची शक्यता असे. त्यामुळे पोरगं संध्याकाळी मैदानावर गेलं, तर "वाया चाललंय" असं घरचे एकदम म्हणू शकत नव्हते.

हे फार गोड करून सांगायला नको. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये आजवर एकदाच खेळला, १९८०ला मॉस्कोत, आणि १२ संघांत बारावा आला. या खेळात आपल्याकडे पैसा नाही, प्रसिद्धीही नाही. नागपाड्याचं यश पदकांत मोजायला गेलात तर हाती फार लागणार नाही. मोजायचंच तर असं मोजा: मिशनची माणसं गेली, समाजकार्याची शाळा गेली, तरी संध्याकाळी चेंडूचा आवाज येत राहिला.

आता परत आमच्या खांबाकडे. इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्या गावात खेळ रुजला नाही, कारण सोयी नव्हत्या. नागपाड्याचा इतिहास वाचल्यावर हे उत्तर टिकत नाही. आमच्याकडे जागा नागपाड्यापेक्षा कितीतरी जास्त होती. खांब होता, चेंडूही होता. नव्हता तो फक्त कपाट उघडून "या रे पोरांनो" म्हणणारा माणूस.

दिवाळीला गावी जाईन तेव्हा पिशवीत एक चेंडू असणार आहे. हवा भरायचा पंपही. मला स्वतःला धड ड्रिबल करता येत नाही, पण सुरुवात करणाऱ्याला सगळं यावंच लागतं असं थोडंच आहे?

तुमच्या गावात असा एखादा कुलपातला चेंडू आहे का? असेल तर किल्ली कुणाकडे आहे, तेवढं विचारून बघा.