बी नसलेलं रोप : वसमतची हळद आणि बेण्याचा इतिहास

आज आपण एका फुलझाडाचा इतिहास पाहणार आहोत. वसमतच्या मोंढ्यात त्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, पण त्याला फुलझाड म्हणून कुणी ओळखत नाही. ते झाड म्हणजे हळद.

हळदीला फूल येतं का? येतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुंद पानांच्या मधून एक दांडा वर येतो. त्यावर फिकट हिरवी-पांढरी, शेंड्याकडे गुलाबीसर झाक असलेली पानासारखी आवरणं असतात आणि त्यांच्या खोबणीतून पिवळं फूल डोकावतं. पण या फुलाला बी जवळजवळ धरतच नाही. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून ती वांझ. पुढची हळद येते ती कंदापासूनच, म्हणजे बेण्यापासून.

आता यातला इतिहास बघा. ज्वारीचा दाणा पाखरू नेऊन टाकेल, हळदीचं बेणं मात्र माणसालाच राखावं लागतं. आज वसमतच्या शिवारात उभी असलेली हळद ही कुणीतरी जपलेल्या, कुणीतरी दिलेल्या गड्ड्यांची अखंड साखळी आहे. ही साखळी राखणाऱ्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत.

त्यांचं ज्ञान मात्र नेमकं होतं. हळद मूळची बहुवर्षायू, विरळ सावलीत रमणारी. म्हणून आंब्याखाली, नारळाच्या बागेत ती चालते. शेतात मधूनमधून एरंड लावतात, तोही सावलीसाठीच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागवड सुरू होते. जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचलं की कंद कुजतो. अडीच-तीन महिन्यांनी मातीची भर द्यायची. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळतात. परसातली हळद तेव्हा मेली असं समजून उपटू नका, ती जमिनीखाली झोपलेली असते. गार सावलीत ठेवलेलं बेणं उन्हाळा काढतं.

पण न लिहिलेलं ज्ञान कुणाचं? हा प्रश्न 1995 साली उभा राहिला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्याकडे बोट कापलं की आजी आधी हळदीचा डबा उघडते, तरीही! कारण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरावा ठरत नव्हती, छापील आधार लागत होता. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि 1953 सालचा एक वैद्यकीय निबंध असे 32 संदर्भ पुढे ठेवले. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आजी खरी ठरली, पण कागदामुळे!

त्या लढाईचा धडा असा, की माहीत असणं पुरत नाही, नोंद लागते. भौगोलिक मानांकन हीसुद्धा एका अर्थानं नोंदच. महाराष्ट्रात वायगाव आणि सांगलीच्या हळदीला ते आधी मिळालं, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये. पण मानांकन गावाच्या नावाचं रक्षण करतं. बेणं कसं निवडायचं, कुठल्या झाडाखाली ठेवायचं, भर कधी द्यायची, हे त्या प्रमाणपत्रानं जपलं जात नाही. शेतात सगळीकडे एकच वाण पसरत गेला, तर एखाद्या घराचं जुनं बेणं एका उन्हाळ्यात संपू शकतं. आणि बी नसल्यामुळे संपलं की संपलं.

म्हणून आम्ही एवढंच सुचवू. परसात झाडाखाली चार गड्डे लावा. बेणं कुणाच्या घरचं, ते किती वर्षं तिथे होतं, हे विचारून वहीत उतरवा. हळदीचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला तीच वही कामी येईल.