साच्याच्या आतला दाब

सेल्युलॉइड तापवून दट्ट्याने साच्यात दाबणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत जॉन वेस्ली हायट आणि त्यांचे बंधू आयझाया यांनी 1872 साली घेतले. इंजेक्शन मोल्डिंगमधल्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून नग घडवण्याच्या तंत्रातल्या, गुणवत्तेचा आपला प्रवास तिथून सुरू होतो. गुणवत्तेचा सारा भार तेव्हा तयार नग हातात घेऊन न्याहाळणाऱ्या माणसावर होता. साचा अर्धवट भरला, कडेला फ्लॅश (साच्याच्या फटीतून निसटलेल्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) आली की नग बाजूला पडे; पण तो का बिघडला, हे तो नग सांगत नसे. पुढे जर्मनीत आर्थर आयशेनग्र्यून यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटला या तंत्रात आणले आणि सहज पेट घेणाऱ्या सेल्युलॉइडला पर्याय मिळाला. ज्यू असल्यामुळे 1938 मध्ये त्यांना आपला कारखाना विकावा लागला, 1944 मध्ये त्यांना छळछावणीत पाठवले गेले. या उद्योगाच्या इतिहासात त्यांचे नाव इतके कमी घेतले जावे, हा मला अन्याय वाटतो.

नग का बिघडतो हे शोधण्याचा एक विचार मात्र त्याआधीच अगदी वेगळ्या क्षेत्रातून आला होता. 16 मे 1924 रोजी टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले आणि त्यात नियंत्रण-आलेख काढून दाखवला. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असायचाच. मर्यादेबाहेरच्या बिंदूमागे मात्र शोधण्याजोगे कारण असते, हे त्याचे सार. 1947-48 मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने शूहार्ट भारतात आले आणि हा विचार त्यांनी इथल्या उद्योजकांपुढे मांडला. आज नगांचे वजन ठरावीक वेळाने टिपून आलेखावर मांडणारा मोल्डिंगचा प्रत्येक कारखाना त्याच टिपणाचा वारस आहे.

पण प्रक्रियाच लहरी असेल तर आलेख एकटा काय करणार? दट्ट्याच्या यंत्रात सिलिंडरच्या भिंतीलगतचे प्लास्टिक जास्त तापे, मधले कमी. 1946 मध्ये जेम्स वॉटसन हेंड्री यांनी दट्ट्याऐवजी स्क्रू वापरला. फिरता फिरता मागे सरून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचे विल्यम विलर्ट यांचे पेटंट 1956 मध्ये मंजूर झाले. दाणे घुसळले जाऊन एकसारखे वितळू लागले आणि प्रत्येक शॉटचे, म्हणजे एका वेळी साच्यात ढकलल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे, माप स्थिर झाले. गुणवत्तेच्या या कथेतले सर्वांत मोठे वळण मी यालाच मानतो. कच्च्या मालाचीही बाजू होतीच. डेन्मार्कच्या लेगोने आज ओळखीच्या असलेल्या विटेचे पेटंट 1958 मध्ये मागितले, पण सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या विटा काळाने वाकत. 1963 पासून कंपनी एबीएस या प्लास्टिककडे वळली, तेव्हा कुठे जुनी वीट नव्या विटेत घट्ट बसण्याची खात्री मिळाली.

उरला होता बंद साच्याचा आतला भाग. क्युरी बंधूंना 1880 मध्ये आढळले होते की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो. तो सूक्ष्म भार मोजण्याजोगा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे पेटंट स्वित्झर्लंडच्या वॉल्टर किस्टलर यांना 1950 मध्ये मिळाले आणि त्यानंतरच्या दशकांत असे सेन्सर साच्याच्या भिंतीत बसू लागले. भरताना चढणारा दाब, भरल्यावर दाब टिकवून धरण्याचा म्हणजे होल्डिंगचा टप्पा, गेट (साच्यात प्लास्टिक शिरण्याची अरुंद वाट) गोठल्यावरची उतरण, सारे एका वक्ररेषेत दिसू लागले. आधी ही रेषा फक्त वाचली जाई, वाईट नग वेगळा काढण्यासाठी. आता अनेक यंत्रे तिच्यावरूनच भरण्याचा टप्पा थांबवून होल्डिंगकडे वळतात. दाण्यांच्या नव्या लॉटमुळे वितळलेले प्लास्टिक अधिक घट्ट झाले, तर त्याची दखल नग साच्यातून बाहेर पडण्यापूर्वी, त्याच शॉटमध्ये घेतली जाते.