अदृश्य शक्तीची तागडी

तागडी ज्याच्या हाती, माप त्याचे, हे आम्ही चळवळीत शिकलो. रेडिओलहरींनाही तागडी आहे. 1880 च्या सुमारास लँग्ली या अमेरिकन ज्योतिर्विदाने सूर्याची उष्णता मोजण्यास धातूची पातळ पट्टी योजिली. ती तापली की तिचा विद्युत्‌रोध बदले. हीच युक्ती पुढे रेडिओशक्ती मोजण्यास आली. दुसऱ्या महायुद्धात रडारने तिची निकड वाढविली. मापकातील मण्यात आधीच वीज खेळवितात. लहरींनी तो अधिक तापला, की रोध मूळपदावर येईतो ती वीज कमी करावयाची. जितकी घटविली, तितकी लहरींची शक्ती!

परंतु या मण्याला ऊब कळते, वाहिनी कळत नाही. अनेक वाहिन्या एकत्र आल्या की तो बेरीजच सांगतो. एकेकीचे माप हवे तर आधी गाळणी लावावी लागते. मनोऱ्यावर चढणाऱ्या कामगाराचे शरीरही बेरीजच सोसते. 1966 च्या अमेरिकन मानकाने चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॅट ही मर्यादा सांगितली. सोव्हिएत नियम त्याहून पुष्कळ कडक होता. आज मर्यादा वारंवारितेनुसार ठरते. म्हणून प्रत्येक वाहिनी मर्यादेत आहे, एवढ्याने भागत नाही. प्रत्येकीने आपल्या मर्यादेचा किती हिस्सा व्यापला, ते मिळवून पाहावे. ती बेरीज, चढण्यापूर्वीच, चढणाऱ्याला कळली पाहिजे.