गोळी, कॅडबरी आणि लाव्हा केक

मराठी घरांत 'चॉकलेट' या शब्दाला कोकोशी फारसं देणंघेणं नसतं. संत्र्याची गोळी, आंब्याची गोळी, पेपरमिंट, कॉफीची टॉफी, कागदात गुंडाळलेलं आणि चघळता येणारं काहीही आपल्याकडे चॉकलेटच. शाळेत वाढदिवसाला वर्गभर वाटतात ती चॉकलेटं. वाण्याकडे सुटे नसले की रुपयाऐवजी हातावर पडतं तेही चॉकलेट. आणि जी वडी खरोखर कोकोपासून बनलेली असते तिला आपण वेगळंच नाव दिलंय : कॅडबरी. मग ती कुठल्याही कंपनीची असो. आमच्या इमारतीतल्या एक आजी दुकानात जाऊन बिनदिक्कत 'अमूलची कॅडबरी' मागायच्या आणि दुकानदार बिनचूक ती काढून द्यायचा.

मी वाशीत राहते. गेले काही महिने वाशी ते खारघर या पट्ट्यात चॉकलेटची दुकानं, बेकऱ्या आणि हॉटेलांतली डेझर्ट पालथी घालत होते. सुरुवात निव्वळ जिभेच्या हौसेने झाली, पण प्रत्येक काउंटरवर तोच प्रश्न समोर यायला लागला. कुणी म्हणे, 'आमच्याकडे खरं चॉकलेट असतं, मॅडम.' मग बाकीच्यांकडे काय असतं? आणि इतकी वर्षं आपण जे चॉकलेट म्हणून खाल्लं ते काय होतं?

वितळण्याची अडचण

कोको मूळचा अमेरिका खंडातला. माया आणि अॅझटेक लोक तो प्यायचे, खायचे नाहीत. चॉकलेट खाण्याची वस्तू झाली ती फार उशिरा. १८२८ साली व्हान हाउटेन या डच माणसाने कोकोच्या लगद्यातलं लोणी दाबून वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हेच लोणी कोको आणि साखरेत पुन्हा मिसळलं की मिश्रण साच्यात ओतता येतं, हे ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये दाखवलं. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने त्यात दूध घातलं आणि आपल्या ओळखीचं मिल्क चॉकलेट तयार झालं.

या सगळ्याची किल्ली म्हणजे कोकोचं लोणी. ते साधारण ३४ अंशांला वितळतं, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली. म्हणून खरं चॉकलेट दाताखाली कट्कन तुटतं आणि जिभेवर विरघळून जातं. युरोपातल्या हवेत हा गुण आहे. मे महिन्यातल्या पनवेलमध्ये तोच अवगुण ठरतो. दुपारी वाण्याच्या फळीवर ठेवलेली वडी संध्याकाळपर्यंत लापशी होते.

साखरेच्या गोळीचं तसं नसतं. पाक दीडशे अंशांच्या आसपास उकळून थंड केला की तो काचेसारखा कडक होतो. त्याला उन्हाची भीती नाही, भीती दमटपणाची. त्यासाठी मेणकागदाचं वेष्टण आणि झाकणाची बरणी पुरते. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या त्या काचेच्या बरण्यांमागे हे साधं गणित आहे. विजेशिवाय, फ्रिजशिवाय खेड्यापाड्यांत पोचू शकणारा परदेशी वळणाचा गोड पदार्थ म्हणजे गोळी, आणि त्या गोळीलाच आपण चॉकलेट म्हणायला लागलो.

महाराष्ट्रात या गोळीचं नाव होतं रावळगाव. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या माळरानावर ऊस उभा केला, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि पुढच्या दशकात त्याच साखरेच्या गोळ्या बनायला लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर वय लपवू नका. इकडे मुंबईत पार्ल्याच्या कारखान्याची सुरुवातही १९२९ मध्ये गोळ्यांपासूनच झाली, बिस्किटं नंतर आली. म्हणजे आपलं पहिलं चॉकलेट उसाच्या फडातून आलं. कोकोच्या बियांशी त्याचा संबंध नव्हता.

खाडीपलीकडचा कारखाना

दुसरं चॉकलेट आलं ते ठाण्याहून. कॅडबरी-फ्राय (इंडिया) ही कंपनी जुलै १९४८ मध्ये मुंबईत नोंदवली गेली. आधी तयार माल आयात करून विकणं, मग इथेच बनवणं, असा तिचा प्रवास. १९६० च्या दशकात ठाण्यात पोखरण रस्त्यावर कारखाना उभा राहिला. दुधासाठी तळेगावजवळ इंदुरीला व्यवस्था झाली. कोकोसाठी १९६५ पासून केरळात लागवडीचे प्रयत्न सुरू झाले. नारळ-सुपारीच्या बागांच्या सावलीत कोको चांगला येतो, शेतकऱ्यांनी तो उत्साहाने लावला. १९८० च्या सुमारास जगभरात भाव कोसळले, खरेदी आटली आणि अनेकांनी झाडं तोडून टाकली. तेव्हा मंगळुरूची कॅम्पको ही सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. ठाण्यातल्या एका वडीमागे इतका मोठा नकाशा पसरलेला होता.

उन्हाशी मात्र या कंपनीलाही जुळवून घ्यावंच लागलं. तिच्या इथे गाजलेल्या वस्तू आठवून बघा. जेम्स म्हणजे चॉकलेटवर साखरेचं रंगीत कवच. एक्लेअर्स म्हणजे चॉकलेट पोटात घेतलेली कॅरमेलची टॉफी. कोको आत सुरक्षित, बाहेर गोळी. वाण्याच्या बरणीत राहता येईल असा वेश चॉकलेटला घ्यावा लागला. उघडी वडी मात्र फ्रिज असलेल्या दुकानातच मिळायची. म्हणून ती रोजची नव्हती. ती मिळायची निकालाच्या दिवशी, दवाखान्यात न रडल्याबद्दल, किंवा बाबांना बोनस झाल्यावर. वडी संपल्यावर तिची चांदी नखाने गुळगुळीत करून वहीत ठेवली जायची.

१९९० च्या दशकात कंपनीने ठरवून मोठ्यांकडे मोर्चा वळवला. क्रिकेटच्या मैदानात धावत जाऊन नाचणाऱ्या मुलीची ती जाहिरात १९९४ ची. चॉकलेट हा फक्त मुलांचा लाड नाही, तरण्याताठ्या बाईनेही ते चारचौघांत खावं, हे तिने सांगितलं. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईतल्या दुकानांत काही वड्यांमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्यात गदारोळ झाला. कंपनीने दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, अन्न व औषध प्रशासनाने वेष्टणावर प्रश्न उभा केला. पुढच्या जानेवारीत वड्या हवाबंद वेष्टणात आल्या. वहीत ठेवायची चांदी गेली ती तेव्हा.

आज कंपनीचं नाव बदललंय आणि तिची चॉकलेटं इंदुरी, मालनपूर, बद्दी, श्रीसिटी इथे बनतात. ठाणे त्या यादीत नाही. पण ठाण्यात रिक्षावाल्याला 'कॅडबरी जंक्शन' सांगा, तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

सेक्टर १७ मधला तवा

सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीला पूल १९७३ मध्ये आला आणि लोकल १९९२ मध्ये. प्रत्येक सेक्टरात चार दुकानं, एक बेकरी, एक दवाखाना अशी या शहराची आखणी. सुरुवातीला इथले बरेच रहिवासी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि घाऊक बाजारात काम करणारे. पुढे त्याच रस्त्यावर आयटी पार्क उभे राहिले, स्टेशनाला लागून मॉल आले आणि हॉटेलात जेवून झाल्यावर 'डेझर्ट काय घ्यायचं?' हा प्रश्न मध्यमवर्गाच्या तोंडी आला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा चॉकलेटच असतं.

माझ्या भटकंतीत सगळ्यात जास्त वेळा भेटला तो सिझलिंग ब्राउनी. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये रविवारी संध्याकाळी दर तिसऱ्या टेबलावर तो येतो. लाकडी पाटावर तापलेला बिडाचा तवा, त्यावर ब्राउनी, ब्राउनीवर व्हॅनिला आइस्क्रीम. वेटर वरून चॉकलेटचा सॉस ओततो आणि चर्र आवाजाबरोबर धूर उठतो. आसपासचे सगळे वळून बघतात, आणि किमतीतला मोठा वाटा या वळून बघण्याचा असतो. सिझलर मुंबईत १९६० च्या दशकात मांसाचा पदार्थ म्हणून रुजला, ब्राउनी अमेरिकेची. दोघांची गाठ घालून आपण एक शाकाहारी, बऱ्याचदा बिनअंड्याचा, पाच जणांत पाच चमच्यांनी खायचा पदार्थ बनवला. तव्याला चिकटून करपलेला सॉस खरवडून खाणारी मंडळी घरी पिठल्याची खरवडही सोडत नसणार.

दुसरा लाव्हा केक. फ्रान्समधल्या मिशेल ब्रास या शेफने १९८१ मध्ये गोठवलेला चॉकलेटचा गोळा केकच्या पिठात लपवून भाजला. बाहेर केक तयार होतो, आत गोळा वितळतो. न्यूयॉर्कच्या जाँ-जॉर्ज व्हॉनगेरिश्टेननेही १९८७ मध्ये अर्धवट भाजलेल्या केकमधून हाच परिणाम साधला. नेरुळमध्ये कॉलेजच्या मुलांना हे काही ठाऊक असायचं कारण नाही. त्यांच्यासाठी तो पिझ्झाबरोबर मागवायचा छोटा केक आहे. मला गंमत वाटली ती वेगळीच : वितळणं हा जो इथल्या हवेत चॉकलेटचा दोष होता, त्याचेच इथे पैसे मोजले जातात.

तिसरी पायरी म्हणजे काचेच्या कपाटांची दुकानं. २००४ मध्ये कुलाब्यात एका पारशी कुटुंबाने थिओब्रोमा सुरू केली, आता तिच्या शाखा नवी मुंबईतही आहेत. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये कोकोच्या झाडाला दिलेलं, अर्थ 'देवांचं अन्न'. अशा दुकानांत आता कोकोचं प्रमाण टक्क्यांत सांगतात, बिया कुठल्या मळ्यातल्या तेही लिहितात. गेल्या काही महिन्यांत यात भर पडली ती पिस्ता आणि कुनाफा भरलेल्या दुबईच्या वडीची. तिच्या नकला सीवूड्सपासून खारघरपर्यंत दिसल्या, एका ठिकाणी तर मिठाईच्या दुकानात काजूकतलीशेजारी.

खरं आणि खोटं

आता त्या 'खऱ्या चॉकलेट'कडे येऊ. जिथे जिथे मी सॉस किंवा वडी कशाची आहे हे विचारलं, तिथे बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळालं : कंपाउंड. म्हणजे कोको पावडर आणि साखर खरी, पण कोकोच्या लोण्याऐवजी पामसारखं वनस्पती तेल. ते स्वस्त असतं आणि आपल्या हवेत टिकतं. खऱ्या चॉकलेटला चकाकी यावी म्हणून ते ठरावीक तापमानापर्यंत तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवावं लागतं, आणि खोलीही थंड लागते. कंपाउंडला यातलं काही नको. वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा.

चॉकलेटचे दर्दी लोक कंपाउंडला नाकं मुरडतात. चवीपुरतं ते बरोबरच आहे. कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटतं. पण नेरुळच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात मी दिवाळीआधीची दुपार घालवली आणि मला दुसरी बाजू दिसली. मंचरच्या मोरडे कंपनीच्या लाद्या, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेलं दुसरं पातेलं, प्लास्टिकचे साचे आणि चमकदार कागद. एवढ्या भांडवलावर त्या गेली अनेक वर्षं दिवाळीचे डबे, हळदीकुंकवाचं वाण, डोहाळजेवण आणि बारशाची चॉकलेटं पुरवतात. एसी नाही, महागडं यंत्र नाही. 'त्या बटरवाल्या चॉकलेटला हात लावला तर माझ्या घरात ते थिजायचंच नाही,' त्या म्हणाल्या. त्या कमाईतून त्यांच्या मुलीची इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी भरली गेली. कोकोच्या लोण्याने त्यांना जे करू दिलं नसतं ते तेलाने करू दिलं.

गणपतीत त्यांच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते चॉकलेट मोदकांना. साचा तोच, माव्याच्या मोदकाचा. कळ्या सुबक येतात, कारण कंपाउंड साच्यातून अलगद सुटतं. सासूबाईंना चालतं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, 'त्यांचे उकडीचे वेगळे असतातच. हे नातवंडांचे. पण दोन्ही एकाच ताटात.'

२०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बसलं आणि कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. खरं चॉकलेट आणखी महागलं, आणि तेलाकडे वळण्याचा मोह मोठ्या दुकानांनाही झाला असेल तर नवल नाही. म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. तिथे 'कोको बटर' आहे की 'वनस्पती तेल', एवढं बघितलं तरी पुरे. तेलाची वडी खायला हरकत नाही. फक्त तिच्यासाठी लोण्याची किंमत मोजू नका. तसं करणारे नेरुळच्या काकू नव्हेत. झगमगीत दिव्यांखाली कंपाउंडला 'बेल्जियन' म्हणणारे काउंटर मात्र मला भेटले.

त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत रावळगावच्या गोळ्यांची सगळी नावं रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. वाण्याच्या गल्ल्याशेजारच्या बरण्याही कमी होत चालल्या आहेत, कारण आता सुटे पैसेच लागत नाहीत. सव्वीस रुपयांच्या सामानाचे फोनवरून सव्वीसच रुपये जातात, आणि हातावर काही पडत नाही. म्हणजे मराठीतला चॉकलेटचा पहिला अर्थ आमच्या पिढीबरोबर पुसट होणार. आमच्या इमारतीतली पाच वर्षांची मुलगी गोळीला कँडी म्हणते आणि चॉकलेटला चॉकलेट. तिचं बरोबर आहे. फक्त 'कॅडबरी' हे एका रस्त्याचं नाव आहे असं तिला वाटतं, कारण तिची आत्या ठाण्यात राहते.